काठीवरचं लुगडं

"लुगडं दिसलं म्हंजे झालं, असं नसतंय रुजे," ठकूमावशी म्हणाली. "सांजचं उतरलं का, ते बगायचं असतंय."

ती आमच्या फाटकाला धरून उभी होती आणि तिला चांगलीच धाप लागली होती. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात खांबावरून सोडलेली माझी पिवळी ओढणी. दिवेलागण होत होती. मी ओवीला खांद्यावर थोपटत दारात उभी होते आणि खरं सांगायचं तर वैतागले होते, कारण सात महिन्यांची ती पोर तासाभराच्या रडण्यानंतर नुकती डोळे मिटत होती.

"एवढ्यासाठी आलात मावशी? भाजी फोडणीला टाकली आणि ओढणी काढायची राहूनच गेली हो."

"मला काय ठावं, भाजी टाकली का तूच पडलीस? मला तिकडनं वडणीच दिसती."

"मी दिवसातून पन्नास वेळा तुमच्या घराकडे बघते. स्वयंपाकघराची खिडकीच तिकडे आहे. तुमचं लुगडं माझ्या नजरेतून सुटायचं नाही."

"सकाळचं सगळीच बगत्यात. सकाळच्या लुगड्यावरनं कळतं, की म्हातारी सकाळी जित्ती व्हती. फुडचं सांजंला कळतं."

मी हसले. ओवी दचकून जागी झाली आणि पुन्हा रडायला लागली. मावशीने किटली खाली ठेवली, ओवीला माझ्याकडून काढून घेतलं आणि तिच्या पाठीवरून असा काही हात फिरवला की दोन मिनिटांत पोर गप्प झाली. मला त्याचाही थोडा राग आला.

माझं नाव ऋजुता. तिच्या तोंडी ते रुजा झालं होतं.

मी मूळची सातारच्या पेठेतली. आमच्या घराखाली किराणा दुकान, शेजारी शिंपी, समोर औषधांचं दुकान. खिडकीतून हाक मारली की कोथिंबीर दोरीच्या पिशवीतून वर यायची. बाबा एकदा सकाळी पेपर घ्यायला खाली उतरले नाहीत, तर पाच मिनिटांत समोरचे औषधवाले शहाकाका जिना चढून वर, "काय मास्तर, बीपी वाढलं काय?" असं सगळं. कॉलेजात असताना या माणसांचा मला वीट आला होता. मी काय विकत घेते, कुणाच्या गाडीवरून येते, परीक्षेत किती मार्क पडले, सगळं खालच्या दुकानांच्या फळीवर पोचलेलं असायचं. मला वाटायचं, अशा ठिकाणी राहावं जिथे खिडकी उघडली की कुणीच दिसणार नाही.

तसंच मिळालं. संग्राम, माझा नवरा, पवनचक्क्यांवर तंत्रज्ञ आहे. लग्नानंतर तो रोज सातारहून घाट चढून सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, जायचा. एकदा धुक्यात त्याची मोटरसायकल घसरली, खांदा निखळला, आणि मीच म्हणाले, वरच राहू. कंपनीच्या दोन खोल्या होत्या, पत्र्याच्या, भोवती तारेचं कुंपण. मी पतसंस्थेतली नोकरी सोडली. हवा चांगली आहे, ओवीची छाती भक्कम होईल, असं सगळ्यांना सांगत सुटले.

सड्यावर झाड म्हणून नाही. काळा कातळ, गवत, आणि रांगेने उभ्या चक्क्या. वारा कधी थांबत नाही. आमच्या घरापासून सरळ रेषेत बघितलं तर ठकूमावशीचं घर हाकेच्या अंतरावर वाटायचं, पण वाऱ्यात हाक पोचत नसे आणि मध्ये एक घळ होती. पायवाटेने घळीत उतरून पलीकडे चढायला पंधरा-वीस मिनिटं लागत. बाकीची वस्ती पार खाली, तासाभराच्या उतारावर. मावशीकडे मोबाईल होता, मुलाने दिलेला, पण रेंजसाठी तिला एका ठरावीक दगडावर जाऊन उभं राहावं लागे. मुलगा, बिरू, नवी मुंबईत गोदामावर कामाला होता. तिच्याजवळ दोन म्हशी होत्या आणि रोजच्या वापरातली दोन लुगडी, एक डाळिंबी, एक हिरवं.

लुगड्याची रीत तिच्या सासूपासूनची. एक अंगावर, एक धुऊन अंगणातल्या उंच काठीवर, समोरच्या घराला दिसेल असं. सकाळी चढवायचं, सांजेला उतरवायचं. आमच्या खोल्यांच्या जागी पूर्वी तिच्या दिराचं खोपट होतं, तेव्हा तिकडूनही असंच लुगडं दिसायचं. मग ते लोक खाली गेले, आणि नऊ वर्षं ती एकटीच काठीवर लुगडं चढवत राहिली.

"बघायला कुणी नव्हतं, मग कशाला चढवायचात?" मी एकदा विचारलं.

"वाळाय नगं व्हय?" ती म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर खूष होऊन हसली.

मी आल्यावर तिने दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं, तूही काहीतरी बांध. मी फाटकाच्या खांबाला पिवळी ओढणी बांधायला लागले. मला ते गमतीचं वाटायचं. फोटो काढून मैत्रिणींना पाठवायचे.

माझी खरी नजर ओवीवर होती. झोपली की नाकापुढे बोट धरून श्वास बघायचे. दूध किती प्याली, लंगोट किती वेळा बदलला, हे वहीत लिहायचे. खिडकी, पाळणा, खिडकी, पाळणा, असा माझा दिवस जायचा. समोर लुगडं फडफडताना दिसलं की छातीतलं थोडं सैल व्हायचं, इतकंच.

कार्तिक संपत आला होता. मंगळवारी सकाळपासून ओवीचं अंग कोमट लागत होतं. मी ओढणी बांधली तेव्हा समोर डाळिंबी लुगडं वर गेलेलं होतं. दुपारी ताप चढला, खोकताना छातीतून घरघर यायला लागली. संग्रामला फोन केला. तो कंपनीची जीप घेऊन चारच्या सुमाराला आला.

"बॅग घेतलीस का? तिची फाईल?"

"घेतलं सगळं. चल लवकर. ओठ बघ तिचे, निळे वाटतायत का रे तुला?"

"निळे नाहीत गं. बस तू."

फाटक त्यानेच उघडलं, त्यानेच लावलं. मी मान वर केली नाही. घाट उतरेपर्यंत माझं बोट ओवीच्या नाकापुढे होतं.

डॉक्टर म्हणाले, छातीत कफ आहे, घाबरायचं कारण नाही, रात्री इथे राहा, सकाळी दाखवून जा. आम्ही आईकडे राहिलो. सकाळी मी औषध आणायला खाली उतरले तर शहाकाका पाकीट काढूनच बसले होते.

"जीप बघितली संध्याकाळी. म्हटलं, नातीला बरं नाही वाटतं. वाफ दे गं तिला. आणि तू काही खाल्लंस का?"

शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "ताई, राहा चार दिवस. तिथं वर काय, वारा खायचा?"

पहिल्यांदाच मला त्या माणसांचा राग आला नाही. वर आले तर आई वाफेचं पातेलं घेऊन बसली होती.

"ऋजू, इकडेच ये बाई राहायला. दहा पावलांवर डॉक्टर, खाली दुकानं. संग्राम करील ये-जा. तिथे कोण आहे गं तुला वेळेला?"

"मावशी आहेत ना," मी म्हणाले. "एक ओढणी खाली उतरली नाही तर धावत येतात त्या."

आईला मी ती गोष्ट सांगितली. आई हसली, मीही हसले. बुधवारचे सकाळचे नऊ वाजले होते तेव्हा.

दुपारी डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटल्यावर आम्ही निघालो. संग्रामने आम्हाला दारात सोडलं आणि तसाच कामावर गेला, एक चक्की बंद पडली होती. मी ओवीला पाळण्यात ठेवलं, खिडकीशी आले. लुगडं होतं. वाऱ्यावर नेहमीसारखं ताणून फडफडत होतं. मी हातसुद्धा हलवला, वेड्यासारखा, कारण त्या क्षणी मला फार हलकं वाटलं. पोर बरी आहे, घर जागेवर आहे, मावशी आहे.

संध्याकाळी संग्राम आला, हात धुताना म्हणाला, "म्हशी ओरडतायत का गं मावशीच्या?"

मी कान दिला. चक्क्यांच्या घोंघावण्यातून मध्येच काहीतरी लांबट येत होतं, मग वारा ते घेऊन जात होता.

"वाऱ्याचा आवाज आहे. खिडकी लाव आधी, ओवीला गार लागेल."

त्याने खिडकी लावली.

गुरुवारी सकाळी संग्राम लवकर गेला. ओवीचा ताप उतरला होता. घामाने केस कपाळाला चिकटले होते आणि ती शांत झोपली होती. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या हाताला काही काम नव्हतं. चहाचा कप घेऊन मी खिडकी उघडली आणि नुसती बघत उभी राहिले.

लुगड्याची एक बाजू फाटली होती. खालच्या काठाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि त्या वेगवेगळ्या उडत होत्या. मावशी दोन लुगड्यांवर दिवस काढणारी बाई. साधा खोंबारा लागला तरी त्याच दिवशी टाका घालायची. मी मनात म्हटलं, आज सांगायला हवं तिला.

मग मला रंग दिसला. डाळिंबी.

काल डाळिंबी होतं. परवा सकाळी, ओढणी बांधताना, डाळिंबी होतं. रोज रंग बदलायचा, एक अंगावर, एक काठीवर. पन्नास वेळा बघणारी मी. कप तिथेच कट्ट्यावर ठेवला, ओवीला शालीत गुंडाळून उचललं आणि निघाले. संग्रामला फोन केला नाही, तो चक्कीवर चढला की फोन खाली ठेवून जातो. डोक्यात एवढंच होतं, घरात पडली असेल, तापाने फणफणली असेल, पाणी द्यायला हवं.

फाटकाची कडी काढली आणि काहीतरी तोंडावर सपकन येऊन बसलं. मी हाताने बाजूला सारलं. ओलं होतं, दवाने जड झालेलं. पिवळं.

मंगळवारपासून ते तिथेच होतं.

मी ओवीला छातीशी घट्ट धरलं. मग पायवाटेने पळायला लागले. ओवी हिंदकळत होती आणि तिला गंमत वाटून हसत होती.

मावशी घळीत होती. तिच्या घराकडच्या उतारावर नाही. तो ती उतरली होती, तळाचं पाणीही ओलांडलं होतं. आमच्या बाजूच्या चढावर एक मोठा दगड आहे, शेवाळाचा, तिथून पाय सुटला असावा. एक पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला होता. अंगावर हिरवं लुगडं. दगडापासून वर दहा-बारा हात गवत मोडलेलं होतं, मातीत कोपरांच्या खुणा होत्या. त्या खुणा तिच्या घराकडे जात नव्हत्या. आमच्या फाटकाकडे येत होत्या.

मी तिच्या कपाळाला हात लावला. दोन दिवस हाच हात मी ओवीच्या कपाळाला लावत होते. कपाळ दगडासारखं गार होतं.

किटली खाली दगडाशीच आडवी पडली होती, पण तिचं झाकण मावशी नेहमी फडक्याने करकचून बांधायची, त्यामुळे सांडली नव्हती. मी ती सरळ केली. आतलं दूध विरजून घट्ट झालं होतं. तिच्या कमरेच्या चंचीतून एक पुडी अर्धी बाहेर आली होती. वेखंड होतं. सोमवारी मी तिला म्हणाले होते, ओवी जरा खोकतेय.

मी परत वर आले. धावत नाही, चालत आले. आणि आता जे लिहिते आहे ते मी संग्रामलाही आजवर सांगितलेलं नाही. मी आधी ओढणी सोडली. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, दातांनी सोडवली. घडी करून ओवीच्या बॅगेत तळाशी घातली. मग कंपनीच्या ऑफिसात फोन केला.

माणसं जमली. खालच्या वस्तीतून बाया आल्या. कुणी म्हणालं, पाण्याला गेली असेल. कुणी म्हणालं, म्हस सुटली असेल. म्हशींच्या कासा दगडासारख्या झाल्या होत्या, एक तर हात लावू देईना. कुणीतरी म्हणालं, मंगळवारी पडली म्हणावं तर एवढी गार हवा, किती तग धरला असंल म्हातारीनं, बुधवार तरी काढला असंल. मी ओवीला घेऊन बाजूला उभी होते. बुधवारी दुपारी मी खिडकीतून हात हलवला होता.

बिरू रात्रभर प्रवास करून आला. चाळिशीचा, आईसारखाच ठेंगणा माणूस. सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला, आत यायला तयार नव्हता. पायरीवरच बसला.

"वैनी, किटलीत दूध हुतं. तुमच्याकडंच येत हुती का वो ती?"

"असेल," मी म्हणाले. "यायच्या कधीकधी."

"तसंच आसंल." त्याने मान हलवली. "मी लई म्हनायचो, चल तिकडं. खोली हाय, खाली बाजार हाय, समोर दवाखाना. तर म्हनायची, मला काय झालं तर तिकडं कुनाला कळनार, समदी दारं बंद. हितं बरं हाय, म्हनायची. समोर एक शिकल्याली पोरगी आलीया, ती बगती माज्याकडं."

मी आत जाऊन पाणी आणलं. परत आले तेव्हा त्याने मांडीवर एक घडी ठेवली होती. डाळिंबी लुगडं, फाटका काठ आत दुमडून ठेवलेलं.

"पोरीला गोधडी करा ह्याची. तिला लई लळा हुता पोरीचा."

महिन्याभरात आम्ही साताऱ्याला राहायला आलो. संग्राम पुन्हा रोज घाट चढायला लागला. मी ओवीच्या तब्येतीचं कारण सांगितलं, ते सगळ्यांना पटलं. आता आमची जागा आईच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे, खाली मिठाईचं दुकान, बँक, बाजूला दवाखाना. ओवी दहा वर्षांची आहे, छाती भक्कम आहे. पाहुणे येतात, म्हणतात, काय छान जागा मिळाली गं, सगळं हाताशी. मध्येच कुणी म्हणतं, पण तुमच्या त्या सड्यावरची हवा! मी चहा टाकायला उठते.

गोधडी मी शिवली नाही. लुगडं आणि ओढणी दोन्ही माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. वाऱ्याची रात्र असली की ट्रंकेच्या आत काहीतरी फडफडतंय असं मला वाटतं. संग्राम म्हणतो, गॅलरीतला पडदा आहे. पडदा मी कधीच काढून टाकला आहे.

दिवे लागले की मी गॅलरीत जाते आणि समोरच्या इमारतींच्या दोऱ्या बघते. ओवी चिडवते, "आई, तू लोकांचे कपडे काय मोजत बसतेस?" मी मोजत नाही, रंग बघते. गेल्या महिन्यात समोर दुसऱ्या मजल्यावर, जिथे निवृत्त पोस्टमास्तर देवधरे एकटे राहतात, निळ्या पट्ट्यांचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही तसाच दिसला. खाली पूर्ण बाजार चालू होता, मिठाईवाल्याकडे रांग होती, आणि वर कुणीच बघत नव्हतं. मी जिने उतरले, रस्ता ओलांडला, जिने चढले, बेल दाबून धरली. त्यांनी बनियनवरच दार उघडलं.

"काय झालं हो?"

"काका, तुमचा टॉवेल कालपासून दोरीवर आहे."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "एवढ्यासाठी आलात?"

मला धाप लागली होती. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

तुमच्याही खिडकीतून कुणाची तरी दोरी दिसत असेल. आज संध्याकाळी बघा. कपडे आहेत म्हणून मागे फिरू नका. कालचेच आहेत का, तेवढं बघा. आणि तेच असतील तर फोन करत बसू नका, पायात चप्पल घाला आणि जा. दार उघडून ते म्हणतील, एवढ्यासाठी आलात?

म्हणू देत.